साठ दिवस मोजायचे कुठून

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

रविवारी तुझा फोन ठेवला आणि तुझं एक वाक्य डोक्यातून जाईना. "काका, माणूस ओळखीचा आहे, गणपतीला आपल्याकडे जेवून गेलाय, त्याला एकदम नोटीस कशी पाठवू?" इथे कॅनडात ड्रायवॉलचं (जिप्सम बोर्डच्या भिंतींचं) तुझं पहिलंच स्वतंत्र सबकॉन्ट्रॅक्ट आणि दोन महिन्यांचे पैसे अडकलेले. फोनवर नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहायला बसलो.

2011 मध्ये मी एका व्यापारी इमारतीत टाइल्स बसवल्या. मुख्य कॉन्ट्रॅक्टरकडचा माणूस फार गोड बोलायचा. पुढच्या आठवड्यात, नक्की, ओनरचा चेक आला की. मी थांबलो. लिएन, म्हणजे थकलेल्या पैशांसाठी त्या मालमत्तेवर चढवायचा बोजा, नोंदवायची मुदत त्या काळी 45 दिवसांची होती. मी वकीलबाईंकडे पोचलो तो बावन्नाव्या दिवशी. त्यांनी दोनच गोष्टी विचारल्या: साइटवर शेवटचं काम कोणत्या तारखेला केलंत, आणि लिएन नोंदवला का? माझी उत्तरं ऐकून त्यांनी पेन खाली ठेवलं. कोर्टात दावा लावायची वाट उघडी होती, पण त्या कंपनीत वसूल करण्यासारखं काही उरलंच नव्हतं. माझ्या टाइलवाल्याची उधारी फेडायला दोन हिवाळे गेले.

लिएनचं बळ यातच आहे की तो माणसावर नसतो, जागेवर असतो. मालमत्तेच्या नोंदीवर तो चढला की ओनरला ती विकताना किंवा बँकेकडून पुढचा हप्ता उचलताना आधी तुझ्याकडे बघावं लागतं. 2018 च्या जुलैपासून आपल्या ऑन्टॅरिओ प्रांतात ही मुदत 60 दिवसांची झाली. पण ते साठ दिवस कुठून मोजायचे, इथेच आपली मुलं फसतात. तुझ्या शेवटच्या कामाची तारीख आणि मुख्य कामाचं सब्स्टॅन्शियल परफॉर्मन्सचं, म्हणजे काम बहुतांशी पुरं झाल्याचं, प्रमाणपत्र प्रसिद्ध झाल्याची तारीख, यांतली जी आधी ती धरायची. ते प्रमाणपत्र तुझ्या हातात कोणी आणून देत नाही. ते बहुतेक वेळा 'डेली कमर्शियल न्यूज' या बांधकाम क्षेत्राच्या वृत्तपत्रात छापून येतं. ते रोज चाळत जा. आणि दोन भिंतींना टच-अप करायला परत गेलास म्हणून मुदत नव्याने सुरू होईल, या भरवशावर कधी राहू नकोस. नोंदवलेला लिएन टिकवायला त्या साठ दिवसांपुढच्या 90 दिवसांत कोर्टात दावाही दाखल करावा लागतो.

पण गोष्ट तिथवर जायलाच नको. 1 ऑक्टोबर 2019 पासून इथे वेळेवर पैसे देण्याचा कायदा आहे. कॉन्ट्रॅक्टरने रीतसर इन्व्हॉइस दिलं की ओनरने 28 दिवसांत पैसे द्यायचे. द्यायचे नसतील तर 14 दिवसांत कारणासह लेखी कळवायचं. पैसे हातात आले की कॉन्ट्रॅक्टरने 7 दिवसांत तुला द्यायचे. "ओनरनेच दिले नाहीत" एवढं तोंडी म्हणून त्याला सुटता येत नाही. त्यानेही तुला लेखी नोटीस द्यावी लागते, आणि ओनरने दिले नाहीत हेच कारण असेल तर 21 दिवसांत ओनरविरुद्ध ॲडजुडिकेशनला, म्हणजे कोर्टाबाहेरच्या झटपट निवाड्याला, जाण्याची हमी त्या नोटिशीत द्यावी लागते. तुझ्या माणसाकडून असा एक तरी कागद आलाय का? मला वाटतं, नसणार. म्हणून आधी हे विचार की तुझं काम त्याच्या इन्व्हॉइसमध्ये धरलंय का, आणि ते ओनरला कोणत्या तारखेला गेलं.

ॲडजुडिकेशनला घाबरू नकोस. ते कोर्ट नाही. ओडॅक नावाची संस्था ते चालवते. ॲडजुडिकेटर नेमला की 5 दिवसांत तुझी कागदपत्रं त्याच्याकडे जातात, ती मिळाल्यापासून साधारण 30 दिवसांत तो निर्णय देतो आणि पुढच्या 10 दिवसांत पैसे द्यावे लागतात. नाही दिले तर तुला काम थांबवता येतं. कोर्टाचा अंतिम निकाल वेगळा लागेपर्यंत तो निर्णय बंधनकारक राहतो. माझ्या वेळी हे असतं तर! उद्या कॅलगरीला गेलास तर अल्बर्टाचा असाच कायदा ऑगस्ट 2022 पासून आहे, मुदती मात्र तिथल्या तिथे वाचून घे.

गोड बोलण्याबद्दल आणखी एक. ओटावातला एक बर्फ काढणारा ठेकेदार होता, कॅलो. काही कॉन्डोंशी (फ्लॅटमालकांच्या संस्थांशी) त्याचा दोन हिवाळ्यांचा करार होता, आणि 10 दिवसांची नोटीस देऊन तो मोडायची मुभा कॉन्डोंना होती. 2013 च्या वसंतातच त्यांनी करार मोडायचं ठरवलं, पण सप्टेंबरपर्यंत त्याला कळू दिलं नाही. करार पुढे वाढेल अशा समजुतीत तो उन्हाळाभर फुकट कामं करत राहिला, आणि त्याची ती समजूत त्यांनी मोडली नाही. डिसेंबर 2020 मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. मोडायचा हक्क होता, पण तो वापरताना समोरच्याला जाणूनबुजून अंधारात ठेवता येत नाही. या विचाराचा पाया त्याच न्यायालयाच्या 2014 च्या भसीन खटल्यात घातला गेला होता. मला हा निकाल फार मोलाचा वाटतो. तरी लक्षात घे, कॅलोला न्याय मिळायला सात वर्षं लागली. तुझ्याकडे सात वर्षं तग धरण्याइतकं भांडवल नाही.

आता तुझ्या बाजूचंही बोलतो, रागावू नकोस. तुझ्या हाताखाली टेपिंग करणारे, म्हणजे बोर्डांचे सांधे बुजवणारे, दोघे आहेत. या कामाचे जे पैसे तुझ्या कंपनीत येतील ते कायद्याने त्यांच्यासाठी ट्रस्टमध्ये, म्हणजे तुझ्याकडे विश्वासाने ठेवलेले, असतात. त्यांचे चुकते होईपर्यंत त्यातून व्हॅनचा हप्ता भरायचा नाही. भरलास तर कंपनीच्या आड लपता येत नाही, डायरेक्टर म्हणून तू स्वतः जबाबदार ठरू शकतोस. तुझं येणं थकलंय म्हणून त्यांचं थकवू नकोस.

आणि तो गणपतीला आलेला माणूस? त्याला आज साधा ईमेल लिही. कामाचा तपशील, रक्कम, तारीख, आणि इन्व्हॉइस ओनरला कधी गेलं हा प्रश्न. आदराने लिही, पण लिही. तो सज्जन असेल तर त्यालाही वर मागायला हाच कागद उपयोगी पडेल.

साइटवर तुझा शेवटचा दिवस कोणता, ते टाइमशीट बघून मला रात्री कळव, आठवणीवर जाऊ नकोस. तुझ्या सांगण्यावरून मी मोजलं तर आज एकेचाळिसावा दिवस येतोय. वकीलबाईंची गुरुवारची वेळ मी मागून ठेवली आहे.

तुझा,
काका