घरी सांगितलं तर नोकरी सुटेल

प्रश्न : ताई, मी 23 वर्षांची आहे. ठाण्यातल्या मॉलमध्ये कपड्यांच्या दुकानात काम करते. दहाला दुकान बंद होतं, डोंबिवलीला उतरेपर्यंत अकरा वाजतात. एक माणूस प्लॅटफॉर्मपासून रिक्षा स्टँडपर्यंत मागे येतो. त्याने नंबर मागितला, मी दोनदा नाही म्हटलं, तरी येतोच. मी आता लांबच्या पुलाने उतरते, शेअर रिक्षा सोडून पूर्ण रिक्षाचे पैसे मोजते, फोन नुसताच कानाला लावून चालते. घरी कळलं तर बाबा नोकरी सोडायला लावतील. काय करू? — एक वाचक, डोंबिवली

उत्तर : मुली, पत्र वाचून जीव कळवळला आणि रागही आला. मागे येतो तो. पूल बदललास तू, रिक्षा बदललीस तू, आणि आता नोकरीही तूच सोडायची? वकिलीत अशा तक्रारी मी खूप लिहिल्या. बहुतेकजणी उशिरा आल्या, कारण त्यांना घरच्यांचीच धास्ती जास्त होती.

तो करतोय तो गुन्हा आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम 78. पहिल्यांदा दोषी ठरला तरी तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तुझा नकार देऊन झालाय, आता त्याच्याशी एक शब्दही बोलू नकोस. तारीख, कुठली लोकल, कुठपर्यंत आला, हे वहीत लिही. सीसीटीव्हीचं चित्रण फार दिवस राहत नाही, तेव्हा तक्रारीला उशीर नको. प्लॅटफॉर्म रेल्वे पोलिसांचा, स्टँड शहर पोलिसांचा, म्हणून ‘आमची हद्द नाही’ असं सांगतील. परत फिरू नकोस. हद्द कुठलीही असो, तक्रार नोंदवून घ्यावीच लागते. या कलमाखाली ती महिला अधिकाऱ्याने लिहून घ्यायची असते. प्रत फुकट मिळते, ती घेऊनच नीघ. गाडीत काही झालं तर 139, रस्त्यावर 112.

दुकानात पुरेशी माणसं कामाला असतील, तर 2017 चा महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायदा लागू होतो. त्यानुसार रात्री साडेनऊनंतर बाईला तिच्या संमतीनेच कामावर ठेवता येतं आणि दारापर्यंत सोडायची सोय मालकाने करायची असते. बाकीच्या मुलींना घेऊन लेखी मागणी कर.

आणि आधी आईला सांग, हे पान तिच्या हातात दे. आई, तुम्ही पोलीस ठाण्यात तिच्या शेजारी बसा, बाबांशीही तुम्हीच बोला. आज तिची नोकरी सोडवलीत, तर पुढच्या वेळी ती तुम्हाला काहीच सांगणार नाही.