लाल अंग, निळे ठिपके: कदमतचा तो मासा कोणता?

तुमचा मासा सेफॅलोफोलिस मिनिएटा, म्हणजे कोरल हाइंड. लक्षद्वीपच्या कदमत बेटावर स्नॉर्कलिंग करताना दिसलेला हा मासा भाऊच्या धक्क्यावर मिळणारा हेकरूच की मित्र म्हणतो तसा कोरल ट्राउट, असं तुम्ही त्याचे फोटो टाकून विचारलंत. दोन्ही नाही, पण तिघांचं घराणं एकच, ग्रूपर माशांचं.

नुसत्या रंगावर कधीच जाऊ नका. लाल अंगावर निळे ठिपके अनेक जातींत असतात. शिवाय पाणी लाल रंग आधी गिळतं, म्हणून तुमच्या पहिल्या फोटोत तोच मासा तपकिरी दिसतोय. आधी शेपूट बघा. दुसऱ्या फोटोत मासा कपारीत वळताना ती पूर्ण पसरलीय आणि कड चक्क गोल आहे. कोरल ट्राउटची मागची कड किंचित आत गेलेली असते. व्हॅरिओला लौटी हा आणखी एक ग्रूपरही असाच लाल, ठिपकेदार, पण त्याची शेपूट चंद्रकोरीसारखी आणि तिला पिवळी किनार.

मग पाठीवरच्या पराचे काटे. तिसरा फोटो मोठा करून मोजले, नऊ भरले. सेफॅलोफोलिस गटातल्या माशांचे नऊच असतात, कोरल ट्राउटचे सात-आठ. धक्क्यावर हेकरू किंवा गोब्रा म्हणून येतो त्यात एपिनेफेलस डायकँथस असतो. त्याचे काटे अकरा, रंग मळकट, अंगावर पाच गडद उभे पट्टे, आणि तो राहतो चिखल-वाळूच्या तळाशी. तुमच्या माशाशी त्याची गल्लत होणार नाही.

खरी गल्लत होते याच गटातल्या सेफॅलोफोलिस सेक्समॅक्युलाटाशी. शेपूट गोल, काटे नऊ, रंगही तोच! पण त्याच्या पाठीवर चार आणि शेपटीच्या देठावर दोन काळपट डाग असतात, आणि डोक्यावरचे निळे ठिपके लांबून रेघा होतात. तुमच्या माशाच्या गालावर डोळ्याच्या बाहुलीपेक्षाही बारीक, सुटे, गोल ठिपके आहेत. पाठ स्वच्छ आहे. माझ्या मते इथेच विषय संपतो.

आजूबाजूला दिसलेले त्याच रंगाचे छोटे मासे बहुधा त्याच्या माद्या असाव्यात. एक नर आपल्या हद्दीत अनेक माद्या राखून असतो. यांच्यात सगळे आधी मादी असतात, नर नंतर होतात. पुन्हा जाल तेव्हा त्या छोट्यांचेही बाजूने, पर उभा असताना फोटो काढा आणि इथे टाका, मला बघायला फार आवडेल.