क्रोशाच्या वस्तूंचे फोटो नीट करायला सोपं ॲप कोणतं?

तुम्ही विचारलंय की घरी विणलेली क्रोशाची तोरणं आणि रुखवताच्या वस्तू व्हॉट्सॲपवर विकायच्या आहेत, हाताशी साधा अँड्रॉइड फोन आहे, मोठं सॉफ्टवेअर शिकायला वेळ नाही, तर फोटो सुधारायला काय वापरावं.

स्नॅपसीड घ्या. गूगलचं आहे, फुकट आहे, मध्येच जाहिराती येत नाहीत आणि तयार फोटोवर स्वतःचा शिक्का मारत नाही. मी खणाचे बटवे आणि पिशव्या शिवते आणि गेली काही वर्षं फोटोंसाठी हेच वापरते. पण ते मी का धरून ठेवलं तेही सांगते, म्हणजे उद्या कुणी दुसरं ॲप सुचवलं तरी तुम्हाला पारखता येईल.

सुरुवातीला मी फोनमधले तयार फिल्टर वापरायचे. एकदा बोट लावलं की बटवा कसा उजळून निघायचा! नाशिकच्या एका ताईंनी मुंजीत द्यायला जांभळ्या खणाचे पंचवीस बटवे मागवले. पार्सल पोचलं आणि त्यांचा फोन आला, ‘अहो, फोटोत जांभळे होते, हे तर आमसुली आहेत.’ त्यांचं बरोबर होतं. फिल्टरनं लालसर रंगात निळा ओतला होता. सगळे बटवे परत घेतले, जाण्यायेण्याचं कुरिअर मी भरलं, आणि त्यांच्या कार्याला चार दिवस उरलेले असताना त्यांना दुसरीकडे धावपळ करावी लागली, त्याचं जास्त वाईट वाटलं. आपलं गिऱ्हाईक वस्तूला हात लावून बघत नाही. फोटोतल्या रंगावर विश्वास ठेवून पैसे पाठवतं. म्हणून कुठलंही ॲप उघडलं की मी आधी एवढंच बघते, की खरा रंग हातानं परत आणता येतो का.

स्नॅपसीडमध्ये त्यासाठी ‘व्हाइट बॅलन्स’ आहे. त्यात ड्रॉपरचं चित्र दिसेल. ते निवडून फोटोतल्या पांढऱ्या जागेवर टेकवलं की सगळ्या फोटोवरची पिवळी किंवा निळी झाक जाते. मी वस्तूच्या शेजारी कोऱ्या कागदाची पट्टी ठेवूनच फोटो काढते, ड्रॉपर तिच्यावर टेकवते आणि मग ‘क्रॉप’ करून पट्टी कापून टाकते. दोन गोष्टी सांभाळा. कागद उन्हात चकाकून फटफटीत झालेला नको, त्यावरून ॲपला काहीच कळत नाही. आणि तुमचा दोरा मोतिया असेल तर ड्रॉपर चुकूनही दोऱ्यावर ठेवू नका, मोतिया तोरण पांढरंशुभ्र दिसायला लागेल आणि माझ्यासारखाच फोन तुम्हालाही येईल.

हे जमायला उजेड मात्र एकाच प्रकारचा हवा. उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात, आकडा कमी तितका उजेड पिवळा. पिवळ्या बल्बचा उजेड साधारण २७०० केल्विनचा असतो, भर दिवसाचा ५५०० च्या आसपास. दोन्ही एकत्र पडले की तोरणाची एक बाजू पिवळी आणि दुसरी निळसर येते, आणि ते निस्तरणं सोप्या ॲपचं काम नाही. घरातले दिवे बंद करा, सकाळी नऊदहाला खिडकीशी बसा, ऊन थेट पडत असेल तर पातळ पांढरा पडदा ओढा. उजेड एका बाजूनं येऊ द्या, म्हणजे विणीतला खांब न् खांब, साखळी न् साखळी उठून दिसते. फ्लॅशनं विणकाम सपाट होतं.

लाल आणि राणी रंगाशी जरा जपून. फोनच्या कॅमेऱ्यात हे रंग लवकर भरून जातात आणि दोऱ्याची वीण दिसेनाशी होऊन नुसता लाल डाग उरतो. फोटो काढतानाच पडद्यावर वस्तूवर बोट टेकवून उजेड थोडा खाली ओढा. नंतर ‘ट्यून इमेज’मध्ये तो हळूहळू वर आणता येतो, पण हरवलेली वीण काही परत येत नाही. त्याच जागी रंग भडक करणारं ‘सॅच्युरेशन’ असतं, त्याला मी हात लावत नाही. ‘डिटेल्स’मधलं ‘स्ट्रक्चर’ दहापंधरापर्यंत ठीक, पुढे गेलात तर मऊ सुती दोरा काथ्यासारखा खरखरीत दिसतो.

मागची पार्श्वभूमी आपोआप पुसून देणारी ॲपं तुम्हाला कुणी ना कुणी सुचवेलच. पिशवीसाठी ती चालतात. क्रोशाची सगळी शोभा जाळीत असते, आणि तिथेच ही ॲपं अडखळतात. कधी जाळीची भोकं बुजवतात, कधी कडेची झालर खातात. त्यापेक्षा पांढऱ्या विणकामामागे गडद सुती कापड लावा, गडद विणकामामागे फिकं. पुढे ॲमेझॉनवर जायचं ठरवलंत तर मुख्य फोटोला शुद्ध पांढरी पार्श्वभूमी लागते आणि वस्तूनं चौकटीचा ८५ टक्के भाग व्यापावा लागतो. तेव्हा पांढऱ्या कार्डशीटवर फोटो काढून स्नॅपसीडच्या ‘ब्रश’नं मागची जागा उजळत न्या. वेळ लागतो, पण जाळी शाबूत राहते.

कॅनव्हाबद्दल बरेच जण बोलतात. भाव, माप, ‘दिवाळी ऑर्डर सुरू’ असं देवनागरीत सुबक लिहायला ते छानच आहे, पण रंगाचं काम आधी स्नॅपसीडमध्ये उरकून मगच तिकडे जा. घरी मुलांचा लॅपटॉप असेल तर ब्राउझरमध्ये चालणारं फोटोपी आहे, काही इन्स्टॉल करावं लागत नाही. लॅपटॉपवर इन्स्टॉल करायचं गिंप हे फोटोंचं सॉफ्टवेअरही फुकट आहे आणि ताकदीचं आहे. तोरणांसाठी त्याच्यात शिरायची गरज मला तरी पडली नाही.

एकाच बैठकीत वीस फोटो काढलेत तर पहिला नीट करा आणि बाकीच्यांना ‘लुक्स’मधलं ‘लास्ट एडिट्स’ लावा, म्हणजे पहिल्याचेच बदल त्यांनाही लागतात. ‘क्रॉप’ मात्र ज्याचा त्याचा तपासून घ्या. पाठवताना व्हॉट्सॲप फोटो दाबून लहान करतं, म्हणून एचडी निवडा किंवा डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

अजून एक, हे मला फार उशिरा कळलं. रात्री डोळ्यांना त्रास नको म्हणून फोनचा पडदा पिवळसर करायची सोय असते, ती चालू ठेवून रंग जुळवलेत तर सगळंच चुकतं. फोनच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये रंग भडक दाखवणारं ‘व्हिविड’ असेल तर तेही बदलून ‘नॅचरल’ करा. फोटो तयार झाला की दिवसाच्या उजेडात फोन आणि खरं तोरण शेजारीशेजारी धरा. रंग जुळला तरच पाठवा.