साठच्या पायावर पूर्णांक लिहायला शिकताना

१२३४५ ही संख्या साठच्या पायावर लिहिताना तुम्ही दिलेलं उत्तर ३२५४५ बघून वाटलं, आधी स्वल्पविरामाची सवय लावून घ्या. साठच्या पद्धतीत एका स्थानावर ० ते ५९ पैकी कोणताही अंक येतो, त्यामुळे स्थानं वेगळी दाखवावीच लागतात. प्राचीन बॅबिलोनी लोक मातीच्या पाट्यांवर याच पद्धतीत संख्या लिहीत; त्या पाट्यांचे अभ्यासक तुमचं उत्तर ३,२५,४५ असं लिहितात. गणिताचे इतिहासकार ऑटो नॉयगेबाउअर यांनी रूढ केलेली ही रीत उत्तम आहे.

रूपांतर सोपं आहे. १२३४५ ला ६० ने भागा: भागाकार २०५, बाकी ४५. २०५ ला पुन्हा भागा: भागाकार ३, बाकी २५. शेवटचा भागाकार आणि मग बाक्या उलट क्रमाने, झालं. ताळा मात्र दर वेळी करा: ३ × ३६०० + २५ × ६० + ४५, म्हणजे १०८०० + १५०० + ४५ = १२३४५.

खरी कसोटी शून्याची. ३६०५ म्हणजे १,०,५. मधलं शून्य गाळलंत तर ६५ होतं. जुन्या बॅबिलोनी काळात रिकाम्या स्थानाला चिन्हच नव्हतं, फार तर थोडी जागा सोडत. मधल्या रिकाम्या जागेसाठी तिरप्या खुणा पुढे आल्या, पण संख्येच्या शेवटी त्या सहसा नसत. म्हणून एकटी उभी खूण १ आहे की ६० की ३६००, हे संदर्भावरूनच ठरवावं लागतं.

सरावाला प्लिम्प्टन ३२२ या नावाची बॅबिलोनी पाटी घ्या. पहिल्या ओळीत १,५९ आणि २,४९ आहेत, म्हणजे ११९ आणि १६९. त्यांच्या वर्गांतली वजाबाकी स्वतः करून बघा, १२० चा वर्ग मिळतो. तो १२० साठच्या पद्धतीत लिहून इथे टाका, मी तपासतो.