‘पागा’ वाचताना

ऐतिहासिक कागद वाचायला घेतलेत ना, मग ‘पागा’ दिसली की लगेच तबेला असा अर्थ लावू नका. घोडे बांधायची जागा हा अर्थ आहेच, पण शिवकाळात सरकारी घोड्यांवरच्या फौजेलाही पागाच म्हणत. घोडा सरकारचा असेल तो बारगीर, स्वतःचा घेऊन आला तो शिलेदार. 25 बारगिरांवर एक हवालदार, शिवाय त्यांच्या दिमतीला पाणी पुरवणारा पखालजी आणि घोड्यांना नाल ठोकणारा नालबंद. म्हणून ‘पागा रवाना केली’ असं आलं तर स्वार निघाले, असं समजा. पागनीस हे आडनावही तिथलंच, पागेचं दप्तर सांभाळणारा. एकट्या घोड्याची बांधायची जागा म्हणजे ठाण. बोलताना तबेला खुशाल म्हणा. मुंबईकराला मात्र आधी म्हशीच आठवतील.