मराठीच येत नाही, मग इंग्रजी कशी?

"मॅडम, हिला मराठीच धड येत नाही. त्यात इंग्रजीचं ओझं कशाला? सूट घेऊन टाकू का?"

पाचवीतल्या लेकीला घेऊन आलेली आई विचारत होती. मुलीला जन्मापासून ऐकू येत नाही. श्रवणयंत्र लागलं ते चौथ्या वर्षी.

मी वही पाहिली. 'मी शाळा गेली. आई डबा भाजी दिली.' अक्षर टपोरं, शब्दही बरोबर. नव्हते ते प्रत्यय. ओठांवरून 'पाल', 'बाल' आणि 'माल' वेगळे ओळखता येत नाहीत. मग भरभर बोलताना 'शाळेत'मधला 'त' तिला कुठून दिसणार? ऐकणारी मुलं हे सारं कानांवर पडून पडूनच उचलतात.

"ताई, मराठी हीच हिची दुसरी भाषा आहे," मी म्हणाले. "पहिली, म्हणजे खुणांची, आपण तिला दिलीच नाही."

घरात खुणा करायच्या नाहीत, नाहीतर मूल बोलायचं नाही, असं त्यांना कुणीतरी बजावलं होतं. सुरुवातीच्या वर्षांत हा सल्ला मीही दिलाय, त्याची खंत अजून आहे. खुणांनी बोलणं थांबत नाही. एकही भाषा पक्की नसली की मात्र पुढची अडते.

मी तिचाच डबा टेबलावर घेतला. खोडरबर आत ठेवलं, वर ठेवलं, खाली ठेवलं. भारतीय सांकेतिक भाषेत एका हाताचा डबा होतो, दुसरा हात नेमकी जागा दाखवतो. तिने ते लगेच केलं. मग चिठ्ठ्या लावल्या: डब्यात, डब्यावर, डब्याखाली. दोन बैठकांनी त्याच डब्याशेजारी इंग्रजी चिठ्ठ्या आल्या: 'इन द बॉक्स', 'ऑन द बॉक्स'. जागा सांगणारा भाग मराठीत शब्दानंतर येतो, इंग्रजीत शब्दाआधी, हे तिनेच बोट ठेवून मला दाखवलं.

राहिली सूट. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दुसऱ्या आणि तिसऱ्या भाषेतून सूट देण्याची तरतूद आहे. तो हक्क आहे, गरज पडली तर जरूर घ्यावा. पण पाचवीतच इंग्रजी सोडली, तर उद्या औषधाचं पाकीट आणि नोकरीचा अर्जही दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागेल. दहावी जवळ आली की ठरवू, असं आमचं ठरलं.

चौथ्या भेटीत वहीत वाक्य होतं: 'माझी पट्टी आईच्या पिशवीत आहे.' आईने ते दोनदा वाचलं, पिशवीत हात घातला. पट्टी होती. मग पिशवी वर धरून, भुवया उंचावून तिने लेकीकडे पाहिलं: ह्याची खूण कशी करायची?