पौल तंबू शिवायचा, तुमच्याकडे कोण शिवतं?

'ताई, फोंड्याजवळ आमची लहानशी मराठी मंडळी (चर्च) आहे. १९ वर्षांपूर्वी कोल्हापूरकडून इथं पाळक म्हणून आलो. एके काळी रविवारच्या उपासनेला ११० माणसं असायची, आता कशीबशी ३५. माझ्याच हाताखाली तयार झालेल्या तरुणानं म्हापशात स्वतःची संगती सुरू केली. तिथं ४०० लोक जमतात, यूट्यूबवर ९००० सबस्क्रायबर आहेत. मी कधी नावाच्या मागे लागलो नाही, पैशाच्याही नाही. इतक्या वर्षांत मंडळीकडे मानधन वाढवून मागितलं नाही (मिसेसची शाळा आहे, त्यामुळे घर चालतं). बायबलमधल्या प्रेषित पौलानंही तंबू शिवूनच सेवा केली. तरी ३ डिसेंबरला जुन्या गोव्याच्या फेस्ताची (संताच्या सणाची) गर्दी पाहिली की पोटात कालवतं. माझी सेवा फुकट गेली का? मनातला मत्सर काढून नम्र कसं राहावं? – एक पाळक'

पाळकसाहेब,

म्हापशाच्या पोराचं आधी उरकून टाकू. तो तुमच्याकडे शिकला, त्याचं बरं चाललंय. करिंथ शहरातल्या मंडळीत 'मी पौलाचा', 'मी अपुल्लोसाचा' अशी दोन उपदेशकांवरून भांडणं लागली, तेव्हा एकानं लावलं, दुसऱ्यानं पाणी घातलं, वाढवणारा देव, एवढं सांगून पौलानं विषय मिटवला. यावर तुमची दहा-बारा प्रवचनं तरी झाली असतील. फेस्ताचं म्हणाल, तर ज्याच्या नावानं ती गर्दी लोटते तो फ्रान्सिस झेवियर १५५२ सालच्या ३ डिसेंबरला चीनच्या किनाऱ्याजवळच्या एका बेटावर तापानं मेला. चीनच्या मुख्य भूमीवर पाऊलही पडलं नव्हतं, उशाशी जेमतेम एखादा सोबती. त्या दिवशी कुणी हजेरी मोजली असती तर काय भरली असती, तुम्हीच सांगा.

आता तो कंस.

तुमच्या पत्रात आकड्यांची रेलचेल आहे. ११०, ३५, ४००, ९०००. आणि ज्या बाईच्या पगारावर ही १९ वर्षं निघाली, ती कंसात, सहा शब्दांत. तिचा पगार किती, ती सकाळी कितीची बस पकडते, शाळा मराठी प्राथमिक की आणखी कुठली, काहीच नाही. शब्बाथ शाळेची पोरंही बहुधा तीच सांभाळते, उपासनेनंतरचा चहाही तीच करते, असा माझा अंदाज. चुकला असेल तर जरूर कळवा.

मी पाळकाच्याच घरात वाढले, म्हणून मला हा कंस चांगला वाचता येतो. आमची आई पगार झाला की पाकिटाच्या मागच्या बाजूला पेन्सिलीनं हिशोब मांडायची. पहिली ओळ ठरलेली असायची, उपासनेच्या हॉलचं वीजबिल. मग किराणा, मग आमच्या फिया. तिचं स्वतःचं काही त्या पाकिटावर लिहिलेलं मी पाहिलं नाही. आणि बाहेर सगळे म्हणायचे, पाळकसाहेब किती साधे, कधी कुणाकडे काही मागत नाहीत!

तेव्हा तुम्ही ज्याला स्वतःची नम्रता म्हणताय, तिचा खर्च दुसरंच कुणीतरी भरतंय. न मागणारा माणूस मोठा दिसतो. मंडळीत तुमचा शब्द वर राहतो, कुणाचं मिंधेपण नाही, मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंचांसमोर ताठ मानेनं बसता येतं. हा मान तुम्हाला सोडवत नाही, एवढाच त्याचा अर्थ. मत्सराचं मूळही मला इथंच दिसतं. ज्यानं इतका त्याग केला त्याला निदान माणसं तरी मिळायला हवी होती, असा हिशोब तुम्ही मनात मांडून ठेवलाय. त्यागच मुळात दुसऱ्याच्या खात्यातून झाला असेल, तर वसुली कसली करताय?

पौलाचा दाखला देताय म्हणून थोडं पौलाबद्दलही बोलू. करिंथमध्ये अक्विला आणि प्रिस्किल्ला या जोडप्याबरोबर तो तंबू करायचा, ते स्वतःच्या हातांनी. तुमच्या घरी तंबू मिसेस शिवतायत आणि नाव पौलाचं घेताय तुम्ही. शिवाय हाच पौल त्याच करिंथकरांना बजावून सांगतो की सुवार्ता सांगणाऱ्यानं सुवार्तेवर जगावं. फिलिप्पैच्या लोकांनी त्याला थेस्सलनीकात एकदा नव्हे, दोनदा मदत पाठवली आणि त्यानं ती घेतली, तीही मोकळेपणानं आभार मानून. येशूनं लूकच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात शिष्यांना पिशवीशिवाय धाडलं ते कशासाठी? लोकांच्या दारात उभं राहावं, समोर येईल ते खावं, म्हणून. मजुराला मजुरी मिळालीच पाहिजे, हेही तिथंच आहे.

आणि आपल्या गोव्यातल्या बाणावलीचा संत जोसेफ वाझ. तुम्ही संतांना मानत नाही हे ठाऊक आहे, नुसता गोंयकार म्हणून ऐका. १६८७ साली तो श्रीलंकेत उतरला तेव्हा डचांनी कॅथलिक पाद्र्यांना बंदी घातली होती. हा भिकाऱ्याच्या वेशात, गळ्यात जपमाळ घालून, दारोदार भीक मागत फिरला. माळेकडे कोण टक लावून बघतं त्यावरून आपली माणसं ओळखायची, अशी युक्ती. त्यानं बिशपपद नाकारलं हे त्याच्या नम्रतेचं उदाहरण म्हणून सगळे सांगतात. मला विचाराल तर नाकारणं त्या मानानं सोपं. सारस्वत-ब्राह्मण म्हणवणाऱ्या घरातला शिकलेला पाद्री परक्या मुलखात हात पसरतो, ते अवघड. आणि त्या मागण्यातूनच त्याला मंडळी सापडली.

तुमच्या ३५ जणांत कुणी कुंडईच्या कारखान्यात असेल, कुणी नर्स, कुणी रिक्षावाला. पाळकसाहेबांना कशाचीच गरज नाही अशी त्यांची पक्की समजूत झालेली आहे, आणि ती तुम्हीच करून दिलीय. ज्याला काहीच लागत नाही त्याच्यासाठी माणसं थांबत नाहीत हो. ११० चे ३५ होण्याचं हेच कारण असं मी छातीठोक म्हणणार नाही. फोंड्यातून लोक कामधंद्यासाठी हलतात, पोरं पुण्या-मुंबईला जातात. पण याचा हात त्यात आहे.

तर करायचं एकच. पुढच्या पंचांच्या बैठकीत मानधन वाढवून मागा.

त्याआधी घरी बसून मिसेसना विचारा, महिन्याला किती कमी पडतं. त्यांना रुपया-पैशासकट ठाऊक असेल, वहीही काढावी लागणार नाही. तो आकडा पंचांसमोर आकड्यातच सांगा. 'प्रभू जसं सुचवील तसं' म्हणू नका, तो पळ काढण्याचा मार्ग आहे. 'बायकोची फार ओढाताण होते' असंही नको, पुन्हा तिला पुढे करून तुम्ही मागे राहाल. मला लागतात, मला द्या, असं सांगा. जीभ जड होईल, कान तापतील. होऊ दे. खजिनदार म्हणतीलच, साहेब, देवावर सोपवा. त्यांना सांगा, सोपवलंय, म्हणूनच तुमच्याकडे आलोय.

कदाचित ते नाही म्हणतील, किंवा निम्मेच देतील. जे देतील ते घ्या, पावती फाडा, आणि पहिल्या महिन्याचे पैसे हॉलच्या वीजबिलात घालू नका.

बैठकीत काय झालं ते कळवा. पत्र मिसेसनी लिहिलं तर ते आधी छापीन.